सुताराने कोरलेलं घर

(बुधवार पेठेत झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आजचं व्याख्यान लेण्यांवर आहे असं पत्रिकेत छापलंय, आणि ते खरंच आहे. पण मी बोलणार आहे ते एका शब्दाबद्दल. तो शब्द म्हणजे 'नक्कल'.

कार्ले, भाजे, कान्हेरी, अजिंठा यांपैकी कुठल्याही ठिकाणाची माहितीपुस्तिका उघडा. चैत्यगृहाचं वर्णन आलं की एक वाक्य ठरलेलं असतं : ही लाकडी बांधकामाची दगडात केलेली नक्कल आहे. सहलीला आलेल्या मुलांना गाईड हेच सांगतो, परीक्षेच्या उत्तरात हेच लिहिलं जातं. वाक्य इतकं अंगवळणी पडलंय की त्यात वर्णनाबरोबर एक निकालही दडलाय, हे आपल्या लक्षात येत नाही. नक्कल म्हटलं की अस्सल दुसरीकडे असतं. नक्कल करणाऱ्याला स्वतःचं काही सुचलेलं नसतं. हातात नवं माध्यम आलं, पण डोक्यातून जुनं जाईना, असं त्याचं चित्र उभं राहतं.

माझं म्हणणं असं की हा निकाल पुराव्याला धरून नाही. खुद्द लेण्यांमध्येच त्याच्या विरुद्ध साक्ष आहे. आणि या चुकीच्या निकालाची किंमत आपण डोंगरातही मोजतो आणि इथे, या पेठेतही मोजतो. पेठेकडे शेवटी येतो.

आधी हे वाक्य आलं कुठून ते बघू. जेम्स फर्ग्युसन हा स्कॉटिश माणूस निळीच्या व्यापारासाठी हिंदुस्थानात आला आणि वास्तूंच्या नादाला लागला. १८४३ साली त्याने लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत इथल्या लेण्यांवर निबंध वाचला. पुढे १८८० मध्ये जेम्स बर्जेसबरोबर त्याने लेणी-मंदिरांवरचा तो जाडजूड ग्रंथ काढला. त्याची नजर तीक्ष्ण होती, यात वाद नाही. भाज्याचे खांब आतल्या बाजूला कललेले आहेत, छताला लाकडी वासे आहेत, दर्शनी भाग पूर्ण लाकडी असावा अशा खाचा कातळात आहेत, हे सगळं त्याने नीट पाहिलं. त्यातून त्याने एक फूटपट्टी तयार केली : ज्या लेण्यात लाकडाच्या खुणा जास्त, ते लेणं जुनं. शिलालेख मोजकेच आणि बहुतेकांत साल नाही, अशा परिस्थितीत ती फूटपट्टी कामाला आली. भाजे आधीचं, कार्ले नंतरचं, हा क्रम आजही मान्य आहे.

पण त्या फूटपट्टीच्या पोटात एक गृहीतक आहे. लाकूड हे बालपण आणि दगड हे वयात येणं. युरोपात ग्रीक देवळांबद्दलही हीच गोष्ट सांगायची रीत होती. आधी लाकडी देऊळ, मग त्याच तुळया-वाशांची दगडी रूपं. व्हिट्रूव्हिअस नावाच्या रोमन वास्तुकाराने दोन हजार वर्षांपूर्वी ती लिहून ठेवली होती. तोच चष्मा घालून सह्याद्रीकडे पाहिलं की वासे दिसले रे दिसले की वाटतं, या लोकांना अजून दगडात विचार करता येत नव्हता.

आता आपण प्रत्यक्ष लेण्यात जाऊ. पुण्याहून लोकलने मळवलीला उतरलात की एका बाजूला भाजे आणि दुसऱ्या बाजूला कार्ले. एका दिवसात दोन्ही होतात, आणि ही दोन्ही लेणी एकाच दिवशी पाहावीत अशीच आहेत.

भाज्याचं चैत्यगृह साधारण इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातलं. खांब अष्टकोनी, साधे, आणि वर जाताना आतल्या बाजूला झुकलेले. लाकडी घरात गोल छताचे वासे खांबांना बाहेर रेटतात, म्हणून खांब आत कलते रोवायचे, ही सुताराची जुनी युक्ती. कातळात काहीच कोणाला रेटत नाही, सगळा एकच दगड. मग खांब कलते कशाला? इथपर्यंत 'नक्कल' हा शब्द चालून जाईल असं वाटतं.

आता समोर कार्ल्याला चला. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातलं चैत्यगृह. सुमारे १२४ फूट लांब, ४५ फूट उंच. इथले खांब सरळ उभे आहेत. म्हणजे मधल्या काळात या लोकांना कळलं होतं की कातळात खांब कलते ठेवायची गरज नाही. ती सवय त्यांनी सोडली. पण छताचे वासे? ते सोडले नाहीत. आणि ते कोरलेलेही नाहीत! खरे सागवानी वासे आणून, वाकवून, कोरलेल्या छताखाली बसवलेत. आज जवळजवळ दोन हजार वर्षं ते तिथेच आहेत. स्तूपावरची छत्रीसुद्धा लाकडी आहे.

जरा थांबून विचार करा. घरात वासे छताला धरतात. कार्ल्यात छत वाशांना धरून आहे. भार पेलण्याच्या दृष्टीने त्या लाकडाचा उपयोग शून्य. ज्या लोकांना खांबांचा कल अनावश्यक आहे हे कळलं, त्यांना वासे अनावश्यक आहेत हे कळलं नसेल? कळलंच असणार. तरी ते बसवले. म्हणजे ही सवय नव्हती, निवड होती. आणि खऱ्या लाकडाला लाकडाची नक्कल कसं म्हणणार?

मग वासे कशाला? याचं उत्तर बेडशाला मिळतं. बेडशाचं चैत्यगृह देखणं आहे, ओवरीतले खांब तर अप्रतिम. पण आत छताची लाकडं आज नाहीत. तिथे उभं राहून वर बघा. छत म्हणजे एक गुळगुळीत, गोल, मुका दगड. नजर कुठे ठरत नाही. कार्ल्यात एकामागे एक वासे येतात, पिंपळपानी कमानीतून आलेला उजेड त्यांच्यावर पायऱ्या-पायऱ्यांनी मावळत जातो, आणि नजर आपोआप स्तूपापर्यंत नेली जाते. वाशांमुळे त्या पोकळीला माप येतं. आपण डोंगराच्या पोटात नसून एका घरात, एका सभागृहात आहोत, असं वाटतं.

'घर' हा माझा शब्द नाही. कार्ल्याच्या शिलालेखातलाच आहे. वैजयंतीचा भूतपाल नावाचा श्रेष्ठी तिथल्या लेखात सांगतो की जंबुद्वीपातलं हे उत्तम 'सेलघर' आपण पूर्ण केलं. शैलगृह, दगडाचं घर. आपण 'गुहा' म्हणतो, 'केव्हज' म्हणतो. करणाऱ्यांनी घर म्हटलं होतं. घराला वासे असणारच.

आता माझ्या मते सगळ्यात भक्कम साक्ष. कार्ल्याच्या प्रवेशद्वाराजवळ एक छोटा लेख आहे. धेनुकाकट गावचा सामी, वेणुवासाचा मुलगा, याने या घराचं मुख केलं, असं त्यात आहे. हे धेनुकाकट नेमकं कुठलं यावर अभ्यासकांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. आपल्या पुण्यातल्या दामोदर धर्मानंद कोसंबींनीही त्यावर लिहिलं. पण त्या लेखात सामीचा धंदाही दिलाय, त्याकडे मात्र कमी लक्ष जातं. शब्द आहे 'वढकी'. संस्कृत वर्धकी, हिंदीतला बढई. म्हणजे सुतार!

हिंदुस्थानातल्या सर्वांत भव्य चैत्यगृहाचं दार एका सुताराने केलं आणि त्यावर आपला धंदा नोंदवला. आता सांगा, सुताराने दगडात दार केलं तर त्याने लाकडाची नक्कल केली, असं आपण म्हणणार का? तो त्याला येणारं दार करत होता. फक्त आज हाताखाली सागाऐवजी कातळ होता.

कोणी म्हणेल, एका सुताराच्या नावावर एवढा इमला? रास्त शंका आहे. कार्ल्याच्या बहुतेक लेखांत दात्यांची नावं आहेत, कारागिरांची नाहीत, हेही खरं. पण सामी एकटा नाही. पितळखोऱ्याला सापडलेल्या यक्षाच्या मूर्तीवर लेख आहे की ती कण्हदासाने केली, आणि हा कण्हदास सोनार आहे. महाराष्ट्राबाहेर सांचीला मोठ्या स्तूपाच्या दक्षिण तोरणावर लिहिलंय की इथलं कोरीव काम विदिशेच्या हस्तिदंत-कारागिरांनी केलं. सुतार, सोनार, हस्तिदंतवाले. जिथे कारागीर स्वतःबद्दल बोलतो, तिथे तो वारंवार दुसऱ्या माध्यमातला निघतो. एका माध्यमातली विद्या घेऊन माणसं दुसऱ्या माध्यमात जात होती. वास्तूचा इतिहास शैलींचा म्हणून लिहिला की हे दिसत नाही. हातांचा म्हणून वाचला की लगेच दिसतं.

आणखी एक शंका येते. त्या काळी दगडात नीट काम करता येत नव्हतं म्हणून लाकूड, असं तर नसेल? याला उत्तर बिहारमध्ये आहे. गयेजवळ बराबरच्या टेकड्यांत मौर्यांनी ग्रॅनाइटमध्ये लेणी कोरली आणि आतल्या भिंती आरशासारख्या घोटल्या. दगडावर इतकी हुकमत असलेल्या त्या मौर्यांच्या राजधानीचा, पाटलिपुत्राचा तट लाकडी होता. मेगॅस्थिनिसने तो वर्णिला आहे आणि पाटण्याच्या बुलंदीबागेत उत्खननात त्याची लाकडं सापडली आहेत. म्हणजे दगड येत असूनही राजधानीसाठी लाकूड निवडलं. त्या समाजात लाकूडकाम हे बालपण नव्हतं, ते राजमान्य शास्त्र होतं.

आपल्या अडचणीचं मूळ असं की हे लाकूडकाम उरलंच नाही. वाळवी, पाऊस, आग. त्यामुळे मूळ आणि तथाकथित नक्कल शेजारी ठेवून पाहता येत नाही. पण जगात एक जागा अशी आहे जिथे ती सोय आहे, म्हणून थोडा वेळ आपण सह्याद्री सोडून तुर्कस्तानात जाऊ.

एस्किशेहिर आणि अफ्योन यांच्या मधल्या डोंगराळ मुलखात प्राचीन फ्रिजियन लोकांची कातळशिल्पं आहेत. यातलं सगळ्यात प्रसिद्ध यझिलिकाया गावचं. सुमारे १७ मीटर उंच कातळावर घराचा अख्खा दर्शनी भाग कोरलाय. वर त्रिकोणी छपराचं टोक, खाली संपूर्ण भिंतभर भौमितिक नक्षी, आणि तळाशी दारासारखा कोनाडा. १८०० साली विल्यम मार्टिन लीक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने ते पाहिलं. त्यावरच्या लेखात मिडास राजाचं नाव वाचता आलं, म्हणून ही मिडासची कबर, असं ठरून गेलं. आपल्याकडे लेणी दिसली की पांडवांची ठरतात, तसंच. प्रत्यक्षात मागे कबर नाहीच. ते देवीचं स्थान आहे. फ्रिजियन भाषेत या देवीचं नाव 'मातर'. आपल्या 'मातृ'चीच बहीण, भाषाकुल एकच. अफ्योनकडच्या अर्सलानकायावर तर कोरलेल्या दारात ती स्वतः उभी आहे, दोन्ही बाजूंना सिंह. बाकी बऱ्याच ठिकाणी नुसताच कोनाडा, आत जायला वाट नाही. घराचं मुख आहे, घर नाही. आपल्याकडे कातळाच्या आत अख्खं घर आहे, हा मोठा फरक लक्षात ठेवा.

या दर्शनी भागांबद्दलही 'लाकडी घराची दगडी नक्कल' असंच म्हटलं जाई. पण फ्रिजियन राजधानी गोर्डिअनला १९५७ मध्ये एका प्रचंड टेकाडाखाली राजाची कबर उघडली, तेव्हा आत जाडजूड ओंडक्यांची अखंड खोली मिळाली. इसवी सनापूर्वी ७४० च्या सुमाराची. मातीखाली बंद राहिल्यामुळे लाकूड टिकलं होतं. आत फर्निचर होतं. लाकडात दुसऱ्या रंगाचं लाकूड जडवून केलेली, डोळे फिरावेत अशी भौमितिक नक्षी. अभ्यासकांनी ती यझिलिकायाच्या भिंतीवरच्या नक्षीशी ताडून पाहिली आहे. प्रश्नच बदलला. नक्कल कशाची? घराची, की देवघरासारख्या एखाद्या जडावाच्या चौरंगाची? आणि मुख्य म्हणजे, लाकूडकाम समोर आल्यावर हे कळलं की त्या समाजाची सर्वोच्च कला लाकडातच होती. दगडाने लाकडाकडून उसनवारी केली कारण लाकूड थोर होतं.

आपल्याकडे गोर्डिअन नाही. महाराष्ट्रात त्या काळातलं, जिथे बसवलं तिथेच असलेलं लाकूड पाहायचं तर कार्ल्या-भाज्याच्या छताकडेच बघावं लागतं. भाज्याच्या वाशांवर तर ब्राह्मी अक्षरंही सापडली आहेत. लाकडावरची! म्हणजे ज्याला आपण सजावटीचा अवशेष समजतो, तो खरं तर या विषयातला मूळ दस्तऐवज आहे.

आता फर्ग्युसनच्या फूटपट्टीचं शेवटी काय होतं ते पाहू. त्याच्या हिशेबाने काळ पुढे गेला की लाकडाच्या खुणा कमी व्हायला हव्यात. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यातच गंमत आहे. बाजूच्या पाखांना कातळातच वासे कोरलेत आणि मधल्या उंच छताला लाकडी होते. एकाच छपराखाली दोन्ही पद्धती, एकाच वेळी. आणि मग वेरूळचं दहावं लेणं. सातव्या शतकाच्या सुमाराचं. भाज्यापासून आठ-नऊशे वर्षं उलटलेली. दगडात काय करता येत नाही, असा प्रश्नच उरला नव्हता. तिथे छताला वासे आहेत, एकूण एक, कातळात कोरलेले, सुबक, ताजे रंधलेले वाटावेत असे. इतक्या शतकांनी सवय उरत नाही. उरते ती परंपरा, आणि परंपरा माहीत असून पाळलेली असते.

या लेण्याला लोक काय म्हणतात? 'सुतार का झोपडा'. सुताराची झोपडी. आणि दुसरं नाव विश्वकर्मा. सुतारकाम करणारी मंडळी तिथे येऊन आतल्या बुद्धमूर्तीला आपला देव विश्वकर्मा मानून पुजत, अशी नोंद एकोणिसाव्या शतकातल्या लेखनात आहे. पंडितांना हे अडाणीपणाचं वाटलं. मूर्तीच्या ओळखीपुरतं ते चुकीचं आहेच, मूर्ती बुद्धाची आहे. पण वास्तूच्या ओळखीपुरतं? त्या लोकांनी वर पाहिलं आणि म्हणाले, हे आमच्या हातचं काम आहे. ग्रंथांनी जिला नक्कल म्हटलं, तिला धंद्यातल्या माणसांनी आपलं घर म्हटलं. समीक्षा म्हणून मला हे दुसरं मत जास्त अचूक वाटतं.

आता पेठेकडे येतो. फर्ग्युसन आणि बर्जेसचा ग्रंथ १८८० चा, असं मी म्हणालो. त्याच्या आदल्याच वर्षी, १८७९ च्या मे महिन्यात, इथला बुधवारवाडा जळाला. दुसऱ्या बाजीरावाने बांधलेला, या पेठेच्या नावाचा वाडा. त्याच आगीत विश्रामबागवाड्याचाही भाग गेला. विश्रामबागवाडा निदान पुन्हा उभा राहिला. आजही बाजीराव रस्त्यावरून जाताना त्याचे सुरूच्या आकाराचे खांब आणि केळफुलाची नक्षी दिसते. बुधवारवाड्याचं मात्र नावच उरलं. लाकूड असंच जातं, एका रात्रीत.

आणि जे जळत नाही ते आपण पाडतो. जुन्या वाड्यात राहणाऱ्यांच्या अडचणी मला माहीत आहेत. गळकं छप्पर, सामायिक संडास, भावकीचे दावे, पागडीचे भाडेकरू. वाडा जसाच्या तसा ठेवा, असा उपदेश सोयीच्या फ्लॅटमध्ये राहून करण्यात अर्थ नाही. माझी तक्रार पाडण्याबद्दल नाही, पाडण्याच्या पद्धतीबद्दल आहे. खांब, तुळया, नक्षीच्या चौकटी मोजमाप न घेता जुन्या लाकडाच्या बाजारात जातात आणि एखाद्या फार्महाऊसच्या दिवाणखान्यात शोभेला उभ्या राहतात. खांब राहतो, पण तो तळखड्यावर कसा बसला होता, तुळई त्याला कशी जोडली होती, खिळ्याशिवाय ते छत कसं पेललं होतं, ही विद्या जाते. सांधा हाच सुताराचा विचार असतो, आणि तोच सगळ्यात आधी मोडला जातो.

हे आपण इतक्या सहज करतो, कारण आपल्या मनात तीच उतरंड पक्की बसली आहे. दगड म्हणजे वारसा, लाकूड म्हणजे सामान. किल्ल्याचा एक चिरा हलला तर आपण पत्र लिहितो, आणि ते योग्यच आहे. पण वाड्याची तुळई टेम्पोत चढताना बघून आपण बाजूने निघून जातो. 'लाकडाची नक्कल' या वाक्याने आपल्याला हेच शिकवलं : लाकूड तात्पुरतं, खरं काम दगडाचं.

म्हणून दोन गोष्टी सांगून थांबतो. एक, लेण्याला गेलात तर मूर्ती आणि खांब बघून झाल्यावर पाच मिनिटं मान वर करा आणि मुलांना वासे दाखवा. ते कशाला बसवले असतील, हे त्यांनाच विचारा, उत्तर लगेच देऊ नका. दोन, तुमच्या ओळखीत कोणाचा वाडा पाडायचा ठरला असेल, तर पाडण्याआधी एक दिवस मागून घ्या. जुना सुतार मिळाला तर त्याला बरोबर घ्या. जिन्याचे, खांबांचे, तुळयांचे सांधे उघडताना फोटो काढा, मापं घ्या, त्याला त्या सांध्याचं नाव विचारून लिहून ठेवा. मोबाईल आणि टेप एवढंच लागतं.

सामीचं नाव आपल्यापर्यंत आलं, कारण त्याचं हे एक काम कातळात होतं. त्याने त्याआधी धेनुकाकटात किती घरं बांधली असतील, त्यातल्या एकाचाही पत्ता नाही. पेठेतल्या सामींची घरं अजून थोडी उभी आहेत, तेवढ्यात बघून घेऊ.

प्रश्न असतील तर जरूर विचारा.